साण्याखालची बाज

भगवान सकाळच्या जीपनं तेलगावला आला आणि माझ्या दारात उभा राहून नुसती चप्पल काढत राहिला. पायातून निघेना की काय, इतका वेळ. मी म्हटलं, "अरे बोल की मेल्या, कावून उभा राहिलास?" तेव्हा म्हणाला, "मावशे, आई गेली." मी रडले नाही. माझा स्वभावच वाईट, मला आधी राग येतो. मी विचारलं, "बाज कुठं होती तिची?" तो म्हणाला, "तिथंच. साण्याखाली. शेवटपर्यंत हलवू दिली न्हाई." ऐन थंडीचे दिवस, वरून उघडं भोक आणि खाली ऐंशीच्या पुढची म्हातारी. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुझ्या अंगात काही रग आहे की नाही, उचलायची होती बाज बायकोच्या मदतीनं, असं आणि तसं. मग माझं बोलणं संपलं आणि मी उंबऱ्यावर बसले.

त्याला आता महिना होऊन गेला. माझी नात मास्तरीण आहे, ती म्हणाली, आजी, तू सांग, मी लिहून घेते, पुरवणीत देऊ. ती माझं बोलणं मधूनच सरळ करते म्हणून मी तिला दोनदा रागावले आहे. तरी तिचा थोडा हात लागला असेल, त्याला इलाज नाही.

हौसाक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच, भाऊ नाही. म्हणून तिला घरजावई केला आणि ती केजजवळच्या आमच्या गावात, आमच्याच घरात जन्मभर राहिली. मला तेलगावला दिलं. आमचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट धाबं. असल्या घराला खिडक्या नसतात. मधल्या खोलीत उजेड यावा म्हणून धाब्याला एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. पाऊस आला की वरून फरशी सरकवायची, पाऊस गेला की काढायची. आमच्या घरात मात्र त्या साण्यावर कित्येक वर्षं फरशी तशीच होती. ती का बसली आणि हौसाक्कानं म्हातारपणी ती का काढायला लावली, ते सांगायचं तर आमच्या बापापासून सांगायला पाहिजे.

आमच्याकडे बापाला दादा म्हणतात. आमच्या दादाचं नाव सर्जेराव. निजामाचं राज्य होतं तेव्हा. दादाला घोड्याची अशी पारख की केजच्या बाजारात घोडं घेणारा आधी त्याला शोधायचा. मी हे सगळं ऐकून सांगते हं, कारण तो लढाईवर गेला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. हौसाक्का मात्र चांगली जाणती, परकर नेसायला लागलेली. तिला तो घोड्यावर पुढ्यात घेऊन बाजारात न्यायचा. हसायला लागला की शेजारची म्हातारी तिच्या ओसरीवरून विचारायची, "काय झालं रं सर्जा?" येताना रेवड्या घ्यायच्या आणि गाव येईपर्यंत संपवायच्या, हा दोघांचा करार. आईला कळू द्यायचं नाही. "आणि दादाच्या धोतराला घोड्याचा वास यायचा," हौसाक्का मला सांगायची, "लई चांगला वास." मी म्हणायची, घोड्याचा वास कधी चांगला असतो का? ती चिडायची.

निजामाचा रिसाला, म्हणजे घोडदळ, जर्मनच्या पहिल्या लढाईत समुद्रापार पाठवला, तेव्हा घोडी सांभाळायला मोतद्दार लागले. दादा मोतद्दार म्हणून गेला. मिसर देशात, एवढंच गावाला कळलं. मिसर कुठं आहे ते जोशीबुवांनाही ठाऊक नव्हतं. एकदा शेजारच्या गावचा एक स्वार खोकत खोकत परत आला. तो सांगायला आला की एका सकाळी मोठा मारा झाला, आणि संध्याकाळी सर्जेरावचं घोडं रिकामं परत आलं. त्यानं खोटं सांगितलं नाही. रिकामं घोडं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण रिकाम्या घोड्याचा अर्थ गावात एकच.

मग जे करतात ते केलं. अंग नाही म्हणून कणकेचा पुतळा केला, त्याला दादाचा पटका घातला, दारातून तिरडी निघाली. मुलगा नव्हता म्हणून आमच्या चुलत्यानं, नानानं, अग्नी दिला. पण त्याआधी तोंडात पाणी घालायला हौसाक्काला पुढं केलं. कणकेच्या त्या तोंडात पाणी जिरेना, गालावरून ओघळलं. ते तिनं आपल्या परकरानं पुसलं. आईच्या बांगड्या फोडल्या तेव्हा ती रडली नाही म्हणे. ओघळ पुसताना रडली. म्हणजे बघा, त्या पोरीनं आपला बाप आपल्या हातानं पोचवला होता.

आणि दोन पावसाळे गेल्यावर कळंबकडून आलेला एक गाडीवान सांगत आला, "तुमचा सर्जा वाटंत दिसला. बार्शीपासून चालत येतोय. जित्ता हाय!"

आईनं हातातली परात टाकली. हौसाक्का तर तशीच पळत सुटली, पण नानानं तिला वेशीत धरलं. कारण गावापुढं मोठा पेच पडला होता. ज्या दारातून माणसाची तिरडी गेली, त्या दारातून तोच माणूस जिवंत आत कसा घ्यायचा? गेलेला माणूस घरात आला तर घर बसतं, अशी समजूत. दादाला वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळात बसवून ठेवलं. हो, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला! भाकरी पोचवायची ती पण नानानं. आई आणि पोरी घरात. आज हे बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. पण त्यांना वाईट करायचं नव्हतं. उलट त्याला नीट, कायमचा परत घ्यायचा होता. जोशीबुवांनी तोड काढली : तो मेला हे खरं, तर आता त्यानं नव्यानं जन्माला यावं. दारातून नाही, साण्यातून. मधली खोली अंधारी ठेवायची, दारं लावायची, वरून दोर बांधून त्याला खाली सोडायचं. खाली कुवार पोरीनं समई आणि गूळतुपाची वाटी घेऊन बसायचं आणि उतरला की बाळाला लावतात तसं बोट त्याच्या तोंडाला लावायचं. मग बारसं, मग आईशी पुन्हा लग्न.

हौसाक्का खाली बसणार होती. तिनं आईकडून केस विंचरून घेतले, नवा परकर मागितला. वाटीतलं गूळतूप मी चाखायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली. "दादाचं हाय ते." मी आईच्या मांडीवर दाराच्या फटीशी. तेवढं मात्र मला स्वतःला आठवतं... वरून पाय आले. काळे, भेगाळलेले. मग दोर धरलेले हात. समईच्या उजेडात हौसाक्का वर बघत होती आणि हसत होती.

आणि दाराबाहेर बायकांनी थाळ्या बडवल्या. मूल जन्मलं की थाळी वाजवायची, त्याशिवाय जन्म कसला? चांगल्या पाच-पन्नास बायका जमल्या होत्या आणि सगळ्यांनी एकदम वाजवल्या.

दादा ओरडला. माणूस तसा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. त्यानं दोर सोडला, धप्पकन खाली पडला, आणि हौसाक्काला धरून जमिनीवर आपटलं. तिच्या अंगावर पडला, तोंड मातीत दाबलं, डोकं आपल्या छातीखाली घेतलं आणि काहीतरी परक्या भाषेत बडबडत राहिला. समई विझली. आतून फक्त तिचं गुदमरणं ऐकू येत होतं. नाना आणि दोघं-तिघं दार फोडून आत गेले, त्याला ओढून काढायला तिघांची ताकद पुरेना. भीतीनं त्याचं धोतर ओलं झालं होतं. हौसाक्काचा डावा हात मनगटात मोडला होता, तोंडात माती होती. तिनं बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोन हाय?"

नानानं त्याच दिवशी साण्यावर फरशी घातली.

बारसं तरीही केलं. ठरलेलं होतं ना. मरणाची पुन्हा नजर जाऊ नये म्हणून नाव ठेवलं दगडू. सर्जेरावचा दगडू झाला. हाडवैद्यानं हौसाक्काच्या हाताला कामट्या बांधल्या होत्या, ती कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ओट्यावर बसला होता, ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ए दगडू, सरक तिकडं."

आईनं तिच्या थोबाडीत मारली. "बाप हाय तुझा!" हौसाक्का म्हणाली, "माझा बाप जाळलाय. मी पाणी घातलंय त्याच्या तोंडात. ह्याचं तर काल बारसं झालं, ह्यो माझ्याहून ल्हान हाय." मोठ्या माणसांनी जे सांगितलं ते त्या पोरीनं शब्दाला शब्द खरं मानलं, एवढंच. आई पुन्हा हात उगारून गेली तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. "म्हणू द्या तिला. दगडूच हाय म्या."

तिनं मग जन्मभर तेच म्हटलं. दादा तिच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

मला मात्र तो पसंत होता. बाप कसा असतो हे मला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे माझी तुलना कशाशी होणार? मला वाटायचं बाप असाच असतो : गोठ्यात झोपतो, परसात खड्डा खणतो आणि दुपारी त्यात जाऊन बसतो, भांडं पडलं की बाजेखाली जातो, भाकरी पाठ फिरवून भराभर खातो. मी खड्ड्याच्या काठावर बसून त्याच्याशी गप्पा मारायची. तो हं हं करायचा. एक गोष्ट मात्र मला खटकायची. तो हात धरू द्यायचा नाही. मी बोट पकडलं की हळूच सोडवून घ्यायचा. एकदा मी रुसले, तेव्हा तो म्हणाला, "लढाई सरली ना माय, तवा घोडी परत न्यायची न्हाई ठरलं. म्हातारी, लंगडी, समदी मारायची. साहेब बंदूक घेऊन आला. घोडं माझ्या हातचं, दुसऱ्याकडं उभं राहीना. मग लगाम म्याच धरायचा. एकेकाचा. धरलं की ती गप उभी राहायची... म्या धरलंय म्हणून." त्यानं आपले हात उलटेपालटे करून बघितले आणि धोतराखाली घेतले.

मी हे पळत जाऊन हौसाक्काला सांगितलं. मला वाटलं ती विरघळेल. ती वाकडं मनगट दुसऱ्या हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "धरलेलं मरतंय तर मग मला कावून धरलं?"

वर्षं गेली. दादा थोडा सावरला. बाजाराला चालत जायला लागला, घोड्यांच्या बाजूला फिरकायचा नाही. येताना रेवड्या आणायचा आणि पुडी हौसाक्काच्या वाटेत, उंबऱ्यावर ठेवून गोठ्यात जायचा. दर बाजाराला. ती पुडीकडे बघायची, मग मला हाक मारायची, "सोजर, तुज्यासाठी खाऊ आलाय." त्या सगळ्या रेवड्या मी खाल्ल्या. दोघांनाही ठाऊक होतं की मी खाते, तरी तो आणायचा थांबला नाही आणि ती एक तोंडात टाकायला तयार झाली नाही. लग्नात कासार तिच्या वाकड्या मनगटात चुडा सरकवत होता, बांगडी अडकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा मांडवाच्या मेढीआड उभा होता. त्यानं दोन पावलं टाकली, आणि ती बघतेय हे दिसताच तिथंच थांबला. कन्यादान नानानं केलं.

तिला निर्दय म्हणू नका. आई तसं म्हणायची तेव्हाही मला राग यायचा. त्याची भाकरी कोण थापायचं? हौसाक्काच. त्याच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं तर उपसायची, वर चार पाचटाच्या पेंढ्या टाकायची. "दगडू, जेव." "दगडू, घोंगडं घे, गारठा हाय." सगळं करायची. आमचा दादा घोड्यावरून येईल म्हणून ती मनातून अजून वाट बघत होती असं मला वाटतं, आणि ह्या माणसाला दादा म्हटलं तर ती वाट कायमची बंद होणार होती.

दादा गेला तेव्हा मी तेलगावहून वेळेवर पोचले होते. गोठ्यातच होता. शेवटचं धुगधुगत होता आणि डोळे दाराकडे. आईनं तांब्या हौसाक्काच्या हातात दिला. "घाल बाई. तुज्याच हातचं मागतोय." हौसाक्कानं तांब्या घेतला, खूप वेळ धरला. मग परत दिला. "एकदा घातलंय मी," ती म्हणाली. "किती डाव घालू?" आणि बाहेर निघून गेली. पाणी मी घातलं. त्यानं ते घेतलं, पण डोळे दारावरून काढले नाहीत... माझा हात त्यानं त्या दिवशीही धरला नाही.

पुढं निजामाचं राज्य जायच्या सुमाराला सगळीकडे धुमाकूळ होता. आमच्या गावाबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या. कोणी कोणावर झाडल्या ते आजही नीट कोणाला सांगता येत नाही. भगवान तेव्हा पाच-सहा वर्षांचा, अंगणात खेळत होता. त्यानंतर चार दिवसांनी हौसाक्का बैलगाडी करून तेलगावला माझ्याकडे आली. पाणी प्यायली नाही, बसली नाही. अंगणातच म्हणाली, "सोजर, मी पोरगं आपटलं."

मी म्हटलं, "काय झालं?"

"आवाज आला आन् मी भगवानला धरून खाली पाडलं. अंगावर पडले त्याच्या. तोंड दाबलं. तो म्हनत व्हता, आई सोड, मरतो मी, आई सोड. मला ऐकू येत व्हतं, पर हात सुटंना. त्याच्या गालाला खरचटलं. मग उठला तर माझ्याकडं कसा बघितला ठाऊक हाय? म्या जसं बघितलं व्हतं, तसा." तिनं डावं मनगट माझ्यापुढं धरलं. "हे त्यानं मोडलं न्हाई, सोजर. झाकलं व्हतं मला त्यानं. समदे म्हनले, मारलं पोरीला, मारलं. त्यानं झाकलं. जे धरलं ते मेलं म्हणायचा, तरी मला धरलं..."

मग ती अंगणात फतकल मारून बसली आणि "दादा, दादा" करून अशी रडली की शेजारपाजारचे धावत आले, कोण गेलं म्हणून विचारायला. गेलेल्याला पाच वर्षं होऊन गेली होती.

भगवान दोन दिवसांत विसरला, आईच्या कुशीत शिरला. त्याला काय, त्याची आई तीच होती. हौसाक्काला मात्र ज्याला दादा म्हणायचं ते माणूसच उरलं नव्हतं. गोठ्यात जायची, परसातला बुजलेला खड्डा झाडायची. पण हाक मारायची तर कुठं तोंड करून मारायची, हे तिला कळत नव्हतं.

मागच्या दसऱ्यानंतर तिनं अंथरूण धरलं. आणि एक दिवस भगवानला म्हणाली, साण्यावरची फरशी काढ. तो नको नको म्हणाला, तिनं जेवण सोडलं. फरशी निघाली. मग तिनं आपली बाज बरोबर त्या भोकाखाली ओढायला लावली. मी बघायला गेले तेव्हा ती दोन घोंगड्यांत गुंडाळून वर बघत पडली होती, तोंडावर उजेड. मी सुरूच केलं, "अगं अवदसे, गारठून मरशील. सरकव ती बाज. साण्यात काय ठेवलंय?" ती म्हणाली, "हळू बोल. थाळ्या वाजल्या म्हणूनच भ्याला तो." मग मला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता. "दारातून न्हाई यायचा तो, आपणच बंद केलंय त्याला. आला तर इथूनच येनार. मागल्या टायमाला मी भ्याले, सोजर. ल्हान व्हते. आता न्हाई भिनार. पडू दे अंगावर." उशाशी वाटी होती, त्यात गूळतूप. मी वाटीला हात लावला तर त्या वाकड्या हातानं चापट मारली. "दादाचं हाय ते."

ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर घर रिकामं झालं. भगवान माळवदावर चढला आणि वरून विचारू लागला, "मावशे, घालू का फरशी?" मी खाली मधल्या खोलीत होते. बाज तिथंच होती, कोणी उचलली नव्हती, आणि साण्यातून उजेडाचा एक चौकोन तिच्यावर पडला होता. मी म्हटलं, "राहू दे. पावसाळ्याला बघू." उशाशी वाटी तशीच होती. गूळतुपाला मुंग्या लागल्या होत्या. मी वाटी परसात नेऊन घासली, चुलीजवळच्या डब्यातला गूळ फोडला, तूप घातलं आणि कालवून परत ठेवली. आता यायची ती दोघं आहेत, म्हणून जरा जास्तच कालवलं.